चतुर्थीची ओहोटी

१२ जानेवारी, सोमवार

निरोप समारंभात कंपनीने शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ आणि ही डायरी दिली. घड्याळ अजून खोक्यातच आहे. मला आता वेळ बघून कुठे पळायचंय?

आज एक वेडेपणा केला. पहाटे पाचला उठले, भेंडीची भाजी केली, तीन चपात्या लाटल्या, डबा भरून पिशवीत ठेवला आणि चपला घालताना आठवलं की आपण रिटायर झालोय. बारा दिवस झाले त्याला! अंधेरीच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं औषधाच्या गोळ्यांचं पॅकिंग बघितलं, शेवटची बारा वर्षं सुपरवायझर म्हणून. पाय आपोआप दाराकडे गेले. मग परत आत आले आणि दुपारी साडेबाराला ओट्याशी उभी राहून तोच डबा खाल्ला. कोणाला सांगणार हे? म्हणून इथे लिहिलं.

प्रांजलला फोन केला. हा माझ्या भावाचा मुलगा. देवगडहून शिकायला आला तो नऊ वर्षं माझ्याकडेच राहिला आणि डिसेंबरात अंधेरीला मित्रांच्या खोलीवर गेला. "ऑफिस जवळ पडतं गं आत्या," म्हणाला. ऑफिस चार वर्षं तिथेच आहे, पण असो. आज म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." मागे मॅचची कॉमेंट्री चालली होती. ऑफिसात मॅच लावतात हल्ली, मजा आहे पोरांची.

नाहूरचं हे घर वन बीएचके. लग्न जमलं नाही, मग मीच जमवलं नाही, आई-बाबा माझ्याजवळच गेले. आता घरात मी एकटी. संध्याकाळी घर खायला उठतं. लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.


१९ जानेवारी, सोमवार

मुलुंडला उत्तराकडे जाऊन आले. ती आमच्याच कंपनीत डिस्पॅचला होती. तेवीस वर्षं आम्ही कँटीनमध्ये एका टेबलावर डबा खाल्ला. तिच्या पोळ्या पातळ आणि माझं कालवण झणझणीत, त्यामुळे दोघींचं छान जमलं. नवऱ्याला अर्धांगवायू झाला तेव्हा तिने नोकरी सोडली. श्यामसुंदरराव सहा वर्षं अंथरुणावर होते, दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा निहार बंगळूरला.

तिची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय. मार्चअखेर सगळ्यांनी जागा खाली करायची. "मग तू कुठे जाणार?" विचारलं तर "बघतेय" म्हणाली. निहार बोलावतोय, पण हिला जायचं नाही.

मग म्हणाली, "मी जरा चार दिवस समुद्राकडे जाऊन येणार आहे. रेवदंडा, मुरूड, तिकडे. एसटीने, साधंच."

मी म्हटलं, "आपण जाऊ!"

तिने हातातली कपबशी खाली ठेवली. तिला सुचलंच नसणार की मला आता वेळच वेळ आहे. मग "बरं" म्हणाली. मी लगेच सगळं ताब्यात घेतलं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, पुढे एसटी, बायकांना अर्धं तिकीट, राहायला घरगुती खोली. दोघींत एकच खोली घेतली की काम झालं. उत्तराने दोन खोल्यांचं काढलं होतं. म्हटलं, वेडी की काय, पैसे वर आलेत?

येताना डोक्यात जे आलं ते लिहूनच टाकते. उत्तराने माझ्याकडे यावं. कायमचं. भाड्याच्या घरात कशाला धक्के खायचे? माझं घर आहे, मी आहे. ती एकटी, मी एकटी. दोघींना एकमेकींच्या सवयी माहीत. इतकी सरळ गोष्ट आधी कशी सुचली नाही? ट्रिपमध्ये निवांत विचारणार.


२५ जानेवारी, रविवार

बेडरूमला रंग काढला. फिका पिस्ता. उत्तराला भडक आवडत नाही. कपाटाचे वरचे तीन कप्पे रिकामे केले. आईच्या साड्या इतकी वर्षं हलवल्या नव्हत्या, त्या आज हॉलमधल्या पेटीत टाकल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं, एप्रिलपासून माझ्याकडे एक मेंबर वाढेल.

प्रांजलला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, तू त्यांना विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? ती नाही म्हणणार आहे?"

"तरी रंग काढायच्या आधी विचारायचं ना गं."

या मुलाला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय. मी फोन ठेवला. मग वाटलं, रागावला असेल, म्हणून परत केला. उचलला नाही. तीनदा केला.


२ फेब्रुवारी, सोमवार. रेवदंडा

निघालो एकदाच्या! लाँचमध्ये उत्तरा कठड्याशी उभी राहिली आणि रेवस येईपर्यंत पाण्याकडे बघत होती. मी तिला सांगत होते, ते बघ जहाज, तो बघ बगळा, अगं इकडे बघ. "हो" म्हणायची. मान वळवायची नाही. लाँच लागत असेल म्हणून मी तिला लिंबाची गोळी दिली. तिने ती पर्समध्ये टाकली.

इथला किल्ला म्हणजे झकास प्रकार. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, घरं, माणसं राहतात. तटाची भिंत थेट समुद्रापर्यंत. उत्तराने चप्पल हातात घेतली आणि वाळूतून चालत सुटली. पन्नाशीनंतर तिला इतकी भरभर चालताना मी पहिल्यांदा बघितली. मला गुडघ्याने साथ दिली नाही, मी मागून हाका मारत राहिले. लांब गेल्यावर थांबली एकदाची.

अजून विचारलं नाही. पहिल्याच दिवशी नको.


३ फेब्रुवारी, मंगळवार. मुरूड

सकाळी डोळा उघडला तर उत्तरा खाटेवर नाही! माझी पाचावर धारण बसली. तशीच गाऊनवर ओढणी घेऊन खाली धावले. ही बाई समुद्रावर एका उलट्या होडीला टेकून बसलेली.

"अगं सांगून जायचं ना! मेले ना मी घाबरून!"

"तू झोपली होतीस," म्हणाली. "म्हटलं, जरा एकटी बसावं."

मी म्हटलं, "एकटी कशाला बसायचं? मी आहे ना." आणि बसले शेजारी. पाच मिनिटांत ती उठली, चहा घ्यायला.

दुपारी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. काय तो किल्ला! चारही बाजूंनी पाणी, आणि होडी दाराच्या अगदी जवळ जाईपर्यंत दार दिसतच नाही. उत्तराला फोटो काढायचे होते, मी सगळ्या फोटोंत आहे.

तिला सारखे फोन येताहेत. कोणी चंद्रप्रकाश म्हणून आहे. उचलून लांब जाते आणि बोलते. "हो, वन आरकेच हवंय... नाही, दुसरं कोणी नाही," एवढं ऐकू आलं. रिडेव्हलपमेंटचा माणूस असणार. या बिल्डर लोकांनी म्हाताऱ्या बायकांना नुसता वात आणलाय. आता लवकर विचारून टाकलं पाहिजे, म्हणजे तिचा जीव तरी भांड्यात पडेल.


४ फेब्रुवारी, बुधवार. वेळणे

मुरूडच्या पुढे हे लहानसं गाव. एसटी दिवसातून दोनदाच. समोर समुद्रात एक पडका किल्ला आहे, गाववाले त्याला पाणकोट म्हणतात. ओहोटीला खडकावरून चालत जाता येतं. उद्या जायचं ठरलं. उद्याच विचारणार. समुद्र, किल्ला, दोघीच. याहून चांगली जागा कुठली?

रुक्मिणीबाईंच्या घरी उतरलोय. पन्नाशीची बाई, नवरा नाही, मुलगी पनवेलला. अंगणात सुकत घातलेल्या सुपाऱ्या, मागे विहीर, भिंतीवर देवीचा फोटो. जेवायला तांदळाची भाकरी आणि बांगडा. मी दोन खाल्ले, उद्या उपास म्हणून.

जेवताना उत्तराने विचारलं, "तुम्ही इथे एकट्याच? कंटाळा नाही येत?"

रुक्मिणीबाई हसली. "कंटाळा कसला ताई? सकाळी उठते, वाटलं तर चहा करते, नाय वाटलं तर नाय करत. पंचवीस वर्षं पाच माणसांचा केला. आता माझा मी."

उत्तरा तिच्याकडे किती वेळ बघत होती. तिलाही वाईट वाटलं असणार. मला तर फारच वाटलं. बिचारी बाई, दिवसभर कोणी बोलायला नाही, आणि वर हसते.


६ फेब्रुवारी, शुक्रवार. वेळणे, सकाळी

काल लिहिलं नाही. आज बस दहाला आहे, तोवर लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

काल संकष्टी होती. मी ती तीस वर्षं करते, त्यामुळे तिथी विचारायची गरज नाही. सकाळी उत्तरा म्हणाली, "मोबाईलमध्ये भरती-ओहोटीच्या वेळा असतात, बघू का?" मला हसू आलं. माझे बाबा देवगडचे, दर्याकाठी वाढलेले. गिरणीत आयुष्य गेलं तरी मुंबईत बसून सांगायचे, आज समुद्र कधी कुठे असेल ते. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. "तीनला ओहोटी," मी सांगितलं. "मोबाईल ठेव आत. आम्ही कोकणातली माणसं."

रुक्मिणीबाई तेव्हा बाजाराला गेली होती. असती तर बोलली असती.

अकराला समुद्रावर गेलो. खडकाची वाट उघडी होती, मध्ये घोट्याएवढं पाणी. मी म्हटलं, "बघ, आत्ताच एवढं कमी. तीनपर्यंत तर पार कोरडं होईल. निवांत बसू." हात धरून तिला नेलं. ती म्हणत होती, "मला येतं गं चालता," पण खडक निसरडे, पडली असती म्हणजे?

किल्ल्यात बघायला फार काही नाही. दोन बुरूज, एक हिरवं पाणी भरलेलं टाकं, चाफ्याखाली देवीची घुमटी. पण वारा छान. उत्तरा बुरुजावर जाऊन बसली, मी शेजारी बसले. शेंगदाण्याचे लाडू काढले. ती खाईना. मग मी घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. पिस्ता रंग, तीन कप्पे, सेक्रेटरी. "तू ये राहायला," म्हटलं. "भाडं-बिडं काही नको. दोघी राहू. सकाळी मी चहा करीन, तुला उठायचीसुद्धा गरज नाही."

तिने मान खाली घातली. मला वाटलं, गहिवरली.

मग म्हणाली, "वनमाला, मी जागा घेतलीय. मुलुंडलाच, पश्चिमेला. एक खोली. परवा मुरूडहूनच त्या चंद्रप्रकाश एजंटला फोनवरून टोकन पाठवलं."

"एकटीला? कशाला? माझं घर आहे ना!"

"म्हणून तर तुला सांगत नव्हते."

मला काही समजेना. मी विचारलं, माझं काय चुकलं? ती म्हणाली, तुझं काही चुकलं नाही. मी म्हटलं, मग ये ना! पुन्हा तेच. तीन-चारदा झालं असेल. शेवटी ती उभी राहिली. उत्तराला मी चढ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. काल ऐकलं.

"सासूबाई अकरा वर्षं झोपून होत्या. मग हे सहा वर्षं. रात्री-अपरात्री 'उत्तरा' अशी हाक आली की उठायचं. सतरा वर्षं गं! अजून कोणी मला नावाने हाक मारली की दचकायला होतं. आणि तू दिवसभर हाका मारतेस. उत्तरा इकडे बघ, उत्तरा हे खा, उत्तरा कुठे गेलीस. तू प्रेमाने मारतेस, मला कळतं. पण मला आता कोणी हाक न मारता राहायचंय. मरायच्या आधी थोडे दिवस तरी."

"मी काय तुझी सासू आहे?" मी ओरडले. माझं तोंड, ते काय थांबतं? "तेवीस वर्षं तुझ्याबरोबर जेवले! तुझा नवरा पडला तेव्हा दर रविवारी मुलुंडला येत होते, कोण येत होतं दुसरं?"

"कोणीच नाही," ती म्हणाली. "तूच येत होतीस. विसरले नाहीये मी." आणि रडायला लागली. ती रडली ते मला सहन होईना, म्हणून मी उठून खाली गेले. म्हटलं, वाटेला लागू, घरी जाऊन बोलू.

खाली वाट नव्हती.

जिथे घोट्याएवढं पाणी होतं तिथे आता लाटा आपटत होत्या. साडेबारा वाजले होते. मी उभी राहून बघत होते, वाटलं, आत्ता उतरेल, तीनला ओहोटी ना. पाणी एकेक खडक गिळत वर येत होतं. मी पायरीवरून वरच्या पायरीवर आले, मग आणखी वरच्या. उत्तरा मागे येऊन उभी राहिली. तिने पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. फोनला रेंज नव्हती.

अडकलो. साडेबारापासून पाचपर्यंत, पडक्या किल्ल्यात दोन साठीच्या बायका, एक बाटली पाणी, आणि मी उपाशी. ती एका बुरुजावर, मी देवीच्या घुमटीजवळ. मला भीती वाटत होती, पाणी आत आलं तर? पण भीतीपेक्षा राग जास्त होता. आणि रागापेक्षा काय होतं ते लिहिते: लाज. माझ्या घराला रंग काढलेला, आणि तिने जागेचं टोकनही दिलेलं.

मध्ये एकदा ती खाली आली, बाटली माझ्यापुढे ठेवली. "पी," म्हणाली. "तुझा उपास आहे." मी प्यायले. दोघी तिथेच बसलो, पण मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून. ती समुद्राकडे बघत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं, पण तिच्या चेहऱ्यावर अडकल्याचा काही त्रास दिसत नव्हता. इतक्या वर्षांत ती इतकी शांत बसलेली मी बघितली नव्हती. मी गप्प होते म्हणून असेल.

पाचच्या सुमारास एक होडी जवळून जाताना दिसली. मी ओढणी हलवून गळा फाटेस्तोवर ओरडले. कुंडलिक म्हणून कोळी होता. त्याने होडी पायऱ्यांना लावली, हात देऊन आम्हांला चढवलं.

"काय बाय, पाण्याची टायम नाय बघितली?"

"तीनला ओहोटी ना आज?" मी म्हटलं.

"तीनला भरती! तिथीची पावणपट म्हंजे भरती, ओहोटी नाय. ओहोटी सकाळी नवाला झाली. तुम्ही पाणी चढताना आत गेल्या."

म्हणजे बाबांनी सांगितलेलं अर्धंच आठवत होतं मला. अर्धं आठवत होतं आणि पूर्ण ठासून सांगितलं. उत्तराने तेव्हा मला चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "तुझे गुडघे ओले झालेत, पुसून घे."


६ फेब्रुवारी, शुक्रवार. नाहूर, संध्याकाळी

पोचले. एसटीत आम्ही शेजारीच बसलो. वाटेत तिने मला चिक्की दिली, मी खाल्ली. पनवेलनंतर दोघींना झोप लागली, किंवा दोघींनी डोळे मिटले. मुलुंडला रिक्षात बसताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "रागावू नकोस गं." मी म्हटलं, "नाही रागावले." खोटं होतं ते.

घरात अजून रंगाचा वास आहे.


१४ फेब्रुवारी, शनिवार

आठ दिवस उत्तराला फोन केला नाही. कसे काढले माझं मला माहीत. तिचाही आला नाही.

आज प्रांजलला फोन केला आणि सरळ विचारलं. "ऑफिस-बिफिस सोड. तू माझ्याकडून का गेलास, खरं सांग."

मागचा मॅचचा आवाज त्याने बंद केला. मग, "तू वाईट नाहीस गं आत्या."

"ते मला माहीत आहे. पुढे बोल."

"मी आंघोळीला गेलो तरी तू दारातून हाक मारायचीस."

"पाणी गरम आहे का विचारायची मी!"

"हो. रोज. नऊ वर्षं." मग तो हसला, मग मीही हसले, आणि हसता हसता माझा आवाज गेला. तो घाबरला. "आत्या? आत्या, मी येऊ का उद्या?"

ये म्हणणार होते. तोंडावर आलं होतं. "मॅच असेल ना तुझी," म्हटलं. "सावकाश ये कधीतरी."

फोन ठेवल्यावर खूप वेळ रडले. आई-बाबांच्या शेवटच्या आजारात मी रात्री दर तासाला हाक मारून बघायची, जिवंत आहेत ना. ते ओ द्यायचे. एकदा आईने दिली नाही. तेव्हापासून मी गप्प घरात राहू शकत नाही, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. उत्तरालाही नाही. सांगितलं असतं तरी तिने खोली घेतलीच असती, आणि घ्यावीच. हेही लिहूनच ठेवते.


१५ मार्च, रविवार

उत्तराने बोलावलं होतं. "जागा बघायला ये, चारला." चारला! रविवारी मी नेहमी सकाळीच जाऊन जेवून, झोपून संध्याकाळी निघायची. पण चार म्हणाली तर चार. पोचले साडेतीनला, मग खाली गेटशी वीस-पंचवीस मिनिटं उभी राहिले. वॉचमनने दोनदा विचारलं, कोणाकडे जायचंय.

दुसऱ्या मजल्यावर एक खोली, कोपऱ्यात ओटा, खिडकीत तुळस. सामान फारच थोडं. एक खाट, एक खुर्ची, एक छोटं टेबल. मोठ्या घरातलं सगळं निहारकडे धाडलं किंवा वाटून टाकलं. मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाटेवर मांडी घालून बसली. चहा केला. दोन कप होते, एकाचा कान तुटलेला. तो तिने घेतला.

मी काही आणलं नव्हतं. मुद्दाम. कालवणाचा डबा भरला होता, तो परत फ्रीजमध्ये ठेवला. आपण नेला की तिला गरम करावं लागणार, खावं लागणार, छान झालंय म्हणावं लागणार.

ती बोलत होती. सकाळी उठते, वाटलं तर फिरायला जाते. एकदा दुपारी तीनला जेवली, कोणी विचारलं नाही. लायब्ररी लावलीय. केस कापलेत, बारीक. बाई दहा वर्षांनी लहान दिसते. मला तिचा हेवा वाटला आणि तिच्यासाठी आनंद वाटला, आणि दोन्ही एकदम वाटलं. मी तिला नावाने एकदाही हाक मारली नाही. एवढ्या खोलीत गरजच नव्हती.

मग दोघी गप्प बसलो. पूर्वी मी लगेच काहीतरी बोलले असते. आज नाही बोलले. खिडकीतून रस्त्याचा आवाज येत होता. ती तुळशीकडे बघत होती आणि तिला माझ्या तिथे असण्याचा त्रास होत नव्हता, हे मला दिसलं. असं पहिल्यांदाच झालं असेल. म्हणून मी उठले.

"निघते मी," म्हटलं. पाचसुद्धा वाजले नव्हते. तेवीस वर्षं डब्याची आणि आठ वर्षं रविवारची, त्यात मी कधी आधी उठले नव्हते. वाटलं, आता म्हणेल, बस गं अजून थोडी.

नाही म्हणाली. दारापर्यंत आली, चपला घालेपर्यंत थांबली, पाठीवर हात ठेवला. "आलीस, फार बरं वाटलं," म्हणाली. ते खरं होतं. मला कळतं. "पोचलीस की कळव."

रिक्षाने आले. साडेपाचला घरात पाऊल टाकलं. कळवलं नाही. म्हटलं, नाही कळवलं तर ती विचारेल. "पोचलीस का गं वनमाला," एवढंच. आयुष्यभर मीच हाका मारल्या, एकदा तरी कोणी मला मारावी. फोन समोर टेबलावर ठेवलाय, आवाज मोठा केलाय. मध्ये एकदा वाजला, मी झडप घातली, तर कर्जवाल्यांचा होता.

आता सात वाजायला आले. ती वाचत बसली असेल. विसरली असेल. बरी असेल.

साडेसातपर्यंत वाट बघते. मग मीच कळवते.